कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर

ऐरोली, सेक्टर आठ. दुपारचे साडेतीन.
कपाट उघडं, कपडे तसेच टांगलेले,
समोर स्टूल, वरून दोन गोधड्या.
फ्रिज बंद, पंखा बंद,
खालच्या मजल्यावर सांगून आलेय
की पाचपर्यंत मिक्सर तेवढा लावू नका.
आमचा लागेल. तो यानाचा आहे.

बाबांनी हे लिहिलं सत्त्याऐंशी साली,
ठाणे-बेलापूर रोडच्या कारखान्यात, तिसऱ्या पाळीत,
रिअॅक्टरच्या नोंदींच्या पाठकोऱ्या कागदांवर.
‘पैलतारा’. भाग तेरा.
केंद्राचं उत्तर आलं पोस्टकार्डावर:
कल्पना नवी आहे. खर्च झेपणार नाही.
यानाऐवजी एसटी चालेल का?
बाबा महिनाभर जेवताना हसायचे,
एकदम, घास तोंडात असताना.
मग हसायचे थांबले. लिहायचेही.

त्यांच्या गोष्टीतलं साल दोन हजार वीस.
खाडीवरून रोज दोन यानं सुटतात,
कळव्याला थांबा नाही.
आणि खाडीत निवट्या परत आल्यात,
इतक्या, की कोळणी भाव पाडून विकतात.
फरहान म्हणाला, साल पुढे ढकलू या का, ताई?
यान चालून जाईल,
निवट्यांचं कुणाला पटणार नाही.
म्हटलं, राहू दे. चूक बाबांची आहे,
आपण कशाला तिच्यावरून हात फिरवा.

इंदुमती ताम्हाणे नौपाड्याहून रिक्षाने आल्या,
गुडघ्याला पट्टा, पर्समध्ये खडीसाखर.
तेव्हा निवड त्यांचीच झाली होती.
चंदेरी पोशाखाचं माप टेंभी नाक्याच्या शिंप्याकडे दिलेलं.
बाही शिवून झाली होती, म्हणाल्या.
एक.

उल्का म्हणजे स्टीलच्या डब्यात राजगिरा.
परग्रहावरची भाषा म्हणजे खाडीतले रोहित पक्षी,
निम्म्या वेगाने.
सगळं जमत गेलं, नवव्या भागापर्यंत.
तिथे बाबांच्या बारीक अक्षरात:
‘खिडकीतून पृथ्वी दिसेनाशी होते.
ती काही बोलत नाही.
कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर. बराच वेळ.’

आता चेहरा कुठून ऐकवायचा?
उसासा करून पाहिला, नाटकी झाला.
फरहानने मागे सूर धरला,
तो केसांच्या तेलाच्या जाहिरातीसारखा.
मी म्हटलं, निवेदन घालू: तिचे डोळे भरून आले.
माझे नसते भरले, इंदुताई म्हणाल्या,
आणि उगीच कागद उलटून पाहिला.

मग कुणी सांगितलं नसताना वाचू लागल्या,
मागची बाजू, सपाट आवाजात,
रात्रपाळीवर एकटंच माणूस वाचेल तशी:
दोन दहा. दाब चार पूर्णांक दोन. ठीक.
दोन पंचवीस. चार पूर्णांक दोन. ठीक.
दोन चाळीस. चार पूर्णांक तीन.
झडप पाहिली. ठीक.
दोन पंचावन्न. ठीक.
तीन दहा.

तीन दहापुढे काही लिहिलेलं नाही.
पुढची नोंद एकदम चारची.
इंदुताईंनी चष्मा वर सरकवला,
कोऱ्या ओळीवर बोट ठेवून थांबल्या.
मी मोजत नव्हते.
तेवढा वेळ बाबा पानाच्या या बाजूला होते,
पहाटे तीनला, यंत्र तापत सोडून,
तिच्या चेहऱ्याकडे बघत.

खाली मिक्सर सुरू झाला.
पाच वाजले होते, त्यांचं काही चुकलं नाही.
फरहानने रेकॉर्डिंग थांबवलं नाही.