उणे अठरा

मंगळवारी पहाटे साडेतीनला
तीन नंबरच्या शीतगृहात म्हाकूल पाणी सोडू लागलं
आणि माझ्या पडद्यावर सगळं हिरवंगार.
तो हिरवा खोटा नव्हता.
तो पावणेतीनचा होता.

पाऊण तास मागून चालत होती आमची देखरेख.
देवगडच्या जेटीला लागलेली प्रत्येक होडी,
काट्यावर चढलेली प्रत्येक टोपली,
लिलावात कुणीतरी वाढवलेले पाच रुपये,
नांदगावच्या फाट्यावर थांबलेला ट्रक,
एकेका घटनेची नोंद एकाच अरुंद वाटेनं यायची
आणि त्यांच्या पुढे, मध्ये, मागे
तापमापक, दर सेकंदाला, न चुकता:
उणे अठरा. उणे अठरा. उणे अठरा.

शर्मिला तारी ओरडल्या नाहीत.
म्हणाल्या, अकराशे किलो गेलं.
तुझी बातमी आली तेव्हा
जेटीवरच्या मांजरांनाही ठाऊक होतं.

आधी मी मेमरी वाढवली.
आठ दिवस बरे गेले.
मग सापडलं की प्रत्येक इशाऱ्यासाठी
यंत्र तीन वर्षांची वही
पहिल्या पानापासून वाचतंय.
वहीला अनुक्रमणिकाच नव्हती.
ती लावली. लाज वाटावी इतकं सोपं होतं.
तरीही बारा मिनिटं उरली,
कशाच्या आड, कळेना.

बर्फाच्या कारखान्यात रात्री वीज जात नाही
म्हणून मी लॅपटॉप घेऊन तिथे बसायचे.
विश्राम कोयंडे कॉम्प्रेसरला खेटून खाटेवर झोपतो,
असल्या धडधडीत, तोंड उघडं टाकून.
एकदा तो ताडकन उठला.
मला काहीच ऐकू आलं नव्हतं.
पान्यानं एक झडप दोनदा ठोकली,
कान लावला, परत आडवा.
मी विचारलं, कसं कळलं?
"आवाज बदललो की जाग येता.
तोच तोच आवाज खंयचो माणूस ऐकता?"
आणि घोरायला लागला.

मी नियम लिहिला:
तेच असेल तर बोलू नको.
अर्ध्या अंशाचा फरक पडला, तर बोल.
पहाटेपर्यंत रांग ओसरली
आणि ओहोटीच्या खाडीसारखा खालचा गाळ दिसू लागला:
दोनदा मोजलेल्या टोपल्या,
शिमग्यात विकलेली आणि अजून बंदरात उभी असलेली एक होडी.

पण मग रात्री झोप येईना.
जो तापमापक गप्प आहे
तो सुखात आहे की मेलाय?
दोन्हींचा आवाज सारखाच.
वायरलेसवर तांडेल दर तासाला काय सांगतात
ते विश्रामला विचारलं.
मासळी, वारा, काही नाही म्हणाला,
नुसतं "आसंव".
मीही तेवढंच मागितलं प्रत्येकाकडून,
दर दहा मिनिटांनी एकदा: आहे.

आता चार सेकंद लागतात.
शर्मिलाताई म्हणाल्या, चार तरी कशाला?
मी खुलासा करत नाही बसले.

परवा रात्री दोनला फोन थरथरला.
शीतगृह तीन, दार उघडं.
चार सेकंदांत. मी धावले, चपला उलट्यासुलट्या.
दारात विश्राम.
बनियन घामानं पाठीला चिकटलेलं,
डोळे मिटलेले,
हात जरा बाजूला, जसे कुणी मोजमापाला उभे राहावे,
आणि आतली पांढरी वाफ त्याच्या पायांवरून
बाहेरच्या उकाड्यात विरत होती.
मला पाहून त्यानं दार लावलं.
एक मिनिट दहा सेकंद झाले होते.
दोघंही काही बोललो नाही.

खोलीवर येऊन नियम उघडला.
दार दोन मिनिटांच्या आत बंद झालं
तर कळवू नये.
बदल नोंदवताना कारण द्यावं लागतं,
रकाना रिकामा सोडू देत नाही.
लिहिलं: ऑक्टोबर.