उलटे आटे

निफाडचा पारा साडेपाचवर, पेपरात पहिल्याच पानावर,
आणि सावतानगरच्या पार्किंगमध्ये मी
दुधाच्या पालथ्या क्रेटवर बसून
चौऱ्याऐंशीच्या बुलेटचं पोट उघडतोय.

देवळाली कॅम्पच्या लिलावात घेतली होती.
हिरवा रंग सगळा खरवडला,
टाकीखाली एक फौजी आकडा राहिलाय,
तो खोडायचा मनात आलं नाही कधी.

परवा वणीच्या चढावर तिनं आवाज बदलला.
आधी टॅपेटची टकटक, मग करपट वास,
मग मांड्यांना झोंबणारी धग.
चालू इंजिनाचं झाकण काढून आत पाहिलं:
तेल भरपूर,
परतीच्या भोकातून मात्र थेंब नाही.
टेम्पोत घालून आणली.
टेम्पोवाला वाटेत दोनदा म्हणाला,
भंगारात चांगले येतील.

गंजमाळला पारखच्या काउंटरवरचा पोरगा म्हणाला,
काका, एवढ्या जुन्याचं आता कोण ठेवतं?
आणि शिडीवर चढून घेऊन आला.
खोक्यावर छापील एकशे दहा,
त्यावर चिकटवलेले सहाशे चाळीस.

तेल भगुण्यात काढलं. काळं, गार, काकवीसारखं.
जिन्यातून कुमुद म्हणाली, दुधाचं भगुणं ते.
होतं, म्हटलं.

कव्हर निघालं. आत वर्म,
दात एकाच बाजूनं झिजलेले,
जुन्या चपलेच्या टाचेसारखे.
आणि तो नट.
एकतीस वर्षं सातपूरच्या टूलरूममध्ये
मी मायक्रॉन मोजले,
आणि पान्याला पाइप लावून, दातओठ खात,
त्याला सवयीनं डावीकडं फिरवत राहिलो.
पाऊण तास.

शेवटी इद्रिस मिस्त्रीला फोन लावला.
वडाळा नाक्यावरच्या गॅरेजात आता पुतण्या बसतो,
बॅटरीच्या स्कूटी दुरुस्त करतो.
इद्रिसच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
तो आधी हसला, मग खोकला, मग पुन्हा हसला.
"उलटे आटे त्याला, भाऊ.
तू सोडत नाहीयेस, आवळतोयस.
घड्याळासारखं फिरव."
कट्ट.

पंप दोन असतात तिच्यात. एक नेणारा, एक आणणारा.
आणणाऱ्याची ताकद जास्त ठेवलेली.
ज्यानं हे आखलं
त्याला साचण्याची भीती ठाऊक असणार.

नव्या पंपाची चकती सपाट नव्हती.
फुटक्या फोटोफ्रेमची काच घेतली, पेस्ट लावली,
आठाच्या आकड्यात घासत बसलो.
डाव्या हाताला हल्ली कंप आहे,
घासायला तो चालतो.
पॅकिंग कापलं भाच्याच्या लग्नपत्रिकेतून,
जाड कागद, सोनेरी कडेचा.
तेलाचं भोक नेमकं
'श्रीकृपेकरून'मधून गेलं.

दिवेलागणीला सगळं जागेवर.
नवं तेल. प्लग काढून वीस किका,
प्लग लावून तीन.
तिसरीला धरली.
फोन पायरीवर ठेवला, इद्रिस आत जागा.
"झाकण काढ. काय दिसतं?"
काही नाही.
"थांब."
कुमुद मोबाइलचा उजेड धरून वाकली,
तिच्या शालीचं टोक तेलात.
काहीच नाही.
"थांब म्हटलं ना."
माझा हात किल्लीवर.

मग एक बुडबुडा. थोडी हवा.
म्हाताऱ्यानं घसा साफ करावा तसा आवाज,
आणि तिरकी, पिवळी, बोटाएवढी धार
काठावर आपटली, थांबली, पुन्हा आली.

"आलं की," कुमुद म्हणाली, इंजिनाला उद्देशून.

मी बंद करायला वाकलो,
तर पायरीवरून इद्रिस म्हणाला,
"राहू दे जरा.
ऐकू दे."