बावीस

सुट्टीवर आले की तांडापेठेत पहिला प्रश्न हाच.
निमजे काकू सूप थांबवून विचारतात,
"जहाजावर तू करतं तरी काय वो?"
मी सांगते, पोरं मोजते.
"मोजाचे पैसे देतात?"
देतात. डॉलरमध्ये.

खोटं नाही त्यात काही.
सकाळी आठला तिसऱ्या डेकवर बावीस जण,
तेरा ते सतरा वयाचे, अर्धे झोपेत,
आईबाप वर नाश्त्याच्या रांगेत.
बावीस लाइफ जॅकेटं, बावीस सह्या,
कुणाला दाण्याची ॲलर्जी, कुणाला दमा,
आणि ज्याला खरं काही असतं
त्याच्या कागदावर काहीच नसतं.
बोटीत बसताना बावीस.
गुहेच्या तोंडाशी बावीस.
आत अंधारात डोईवरचे दिवे मोजायचे.
कड्यावरून पाण्यात उड्या मारतात
तेव्हा वर येणारी डोकी:
एकोणीस, वीस, एकवीस
आणि बाविसावं दिसेस्तोवर
माझ्या कानात बाबांच्या मागाचा धोटा
मध्येच अडकून राहतो.

मातेओ म्हणून एक होता. पंधरा वर्षांचा, उंच, नखं कुरतडलेला.
दरीवरच्या दोराला लटकून पलीकडे जायचं होतं.
एकवीस गेले, ओरडत, हात सोडून.
हा फळीवर उभा. वीस मिनिटं. मग तीस.
पलीकडून शिट्ट्या.
मी ढकललं नाही. शेजारी बसले.
त्यानं विचारलं, तुझं घर समुद्राजवळ आहे?
म्हटलं, नागपूर. तिथून समुद्र
कुठल्याही बाजूला निघालास तरी लांबच.
मग पोहायला कुठे शिकलीस?

मी त्याला हेडाऊ सरांबद्दल सांगितलं.
महापालिकेचा तरणतलाव, मे महिना,
फरशी इतकी तापलेली की पाण्याची भीती परवडायची.
सर हातात लांब बांबू घेऊन काठाकाठानं चालायचे.
आम्ही गटांगळ्या खात त्याच्याकडे हात टाकायचो,
बांबू वीतभर मागे सरकायचा.
फार राग यायचा.
ते आमच्याकडे कधी बघायचेच नाहीत असं वाटायचं,
ओठ मात्र सारखे हलत असायचे.
मला वाटायचं जप करतात.

मातेओ शिडीनं खाली उतरला. मी त्याच्यासोबत.
एकशे बारा पायऱ्या, गंजलेल्या.
संध्याकाळी फॉर्म भरून घ्यायचे असतात,
हसरा चेहरा, फार हसरा चेहरा.
शिडीसाठी रकाना नव्हता.

या वेळी गल्लीतली पोरं मागे लागली,
आत्या, आम्हालेही ने न कुठं.
ट्रॅक्स ठरवली, रामटेकपलीकडे खिंडसीला.
अकरा जण. कुणाचा क्लास बुडवून, कुणाचं खोटं बोलून.
लाइफ जॅकेटं उन्हानं विटलेली, दोनांचे बंद तुटलेले,
मी ओढणीनं बांधले.
बोटवाला म्हणाला, मॅडम, तलाव आहे, समुद्र नाही.
मी म्हटलं, बुडायला दोन्ही पुरतात.
दुपारभर अकरा, अकरा, अकरा.
ओजस वैतागला, "किती मोजून राहिली बे ही!"

परतताना मनसरजवळ टायर बसलं.
ड्रायव्हर जॅक शोधत होता,
पोरं रस्त्याकडेच्या बाभळीखाली
ओल्या केसांनी, शिळी फल्ली फोडत.
मी सवयीनं सुरू केलं.
अकरा.
"बारा," प्रांजू म्हणाली.
तेराची आहे. दिवसभर बोटीत गप्प होती,
पाण्यात हातसुद्धा घातला नव्हता.
मी परत मोजलं. अकराच.
"अन् तुले कोण मोजन?"

ट्रक जात होते, धुरळा बसत होता.
तिनं एक एक बोट दुमडत पुन्हा पहिल्यापासून धरलं,
ओठ हलवत,
माझ्याशी क्षणभर थांबली
आणि पुढे, जॅक सापडलेल्या ड्रायव्हरकडे वळली:
"तेरा."