चटई क्षेत्र

बँकेतल्या डिंगणकर साहेबांनी विचारलं, पगाराची स्लिप?
मी वही पुढे केली.
फॉल-बीडिंग, साठ रुपये. पिको, पंधरा.
ब्लाउजला हुक, दहा. उधारी लाल पेनाने.
त्यांनी चार पानं उलटली, थांबले, म्हणाले,
ह्या रेवती बाईंचे तीनशे अजून यायचेत.
म्हटलं, देतील. दिवाळीला देतात.
ते हसले नाहीत.
एका चौकोनात काहीतरी बारीक लिहिलं.

सरकार जामीन राहणार, असं योजनेत होतं.
जामीन हा शब्द आमच्या गल्लीत
आजवर पोलीस चौकीच्या मागून यायचा.
घराच्या कागदावर तो दिसला
तेव्हा ह्यांना आधी धस्सच झालं.
पुढची ओळ होती, घरात बाईचं नाव पाहिजे.
ह्यांनी चष्मा काढला, पुसला,
आणि तीच ओळ परत वाचली.

पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचं होतं:
माझ्या अथवा माझ्या कुटुंबातील कोणाच्याही नावे
भारतात कुठेही पक्के घर नाही.
भारतात कुठेही.
भांडुपच्या टेकडीवर पत्र्याखाली चोवीस वर्षं काढली,
पण इतक्या मोठ्या जागेत
मी कधी बेघर नव्हते.

आणि मग नाव निघालं.
मंडणगडकडे, ग्रामपंचायतीच्या आठ-अवर,
जांभ्याच्या चार खोल्या,
वारस: सदानंद भिकाजी, आणि खाली
प्रमिला भिकाजी.
मी.
सदा म्हणाला, ताई, आईने घातलंय.
वडील गेले त्या वर्षी ग्रामसेवकापुढे बसून राहिली,
पोरीचं लिही, मगच उठते म्हणाली.
मला कधी बोलली नाही.
दर मे महिन्यात फणसाचे गरे बांधून द्यायची,
एवढंच.

साहेब म्हणाले, हक्कसोड करा, नाहीतर फाईल परत.

निबंधक कचेरीत मशीनवर अंगठा ठेवला.
उमटेना.
सुईने टोचून टोचून रेघा गेल्यात, मी सांगितलं.
पुसून ठेवा. ठेवला. उमटेना.
दुसरं बोट. दुसरा हात.
मागे रांग चुळबुळायला लागली.
मला मनातून वाटत होतं, नाहीच उमटणार.
सातव्या वेळी हिरवा दिवा लागला.
सदाने खिशातून रुमाल काढला, मला दिला,
शाई नव्हतीच बोटाला, तरी मी पुसलं.

पूर्वी स्टेशनबाहेर मशीन लावायचे
तेव्हाही हप्ता होता, रोजचे वीस,
गाडी आली की मशीन उचलून पळायचं ते वेगळं.
आता पाच तारखेला फोन वाजतो:
आपला हप्ता प्राप्त झाला. धन्यवाद.
हप्ता घेऊन धन्यवाद म्हणणारं
हे पहिलंच कुणी.
वीस वर्षं म्हणतील.
आज माझं वय सत्तेचाळीस.
बेरीज साहेबांनीच केली, मोठ्याने नाही.

मानखुर्दला सातवा मजला.
तीनशे बावीस चौरस फूट, चटई क्षेत्र.
कागदावर चटई वाचून मला बरं वाटलं होतं,
निदान आपल्या ओळखीचं काही.
चावी मिळाली त्या दिवशी टेप नव्हती जवळ.
पिशवीत फॉल होता, राणी रंगाचा, रेवती बाईंचाच.
भिंतीला लावून मोजलं:
एक फॉल, वर एक वीत.
स्वयंपाकघर, फॉलाला चार बोटं कमी.
खिडकीतून खाडी, डंपिंगचा डोंगर, त्यावर घारी.
ह्यांनी विचारलं, मशीन कुठे ठेवणार?
मी म्हटलं, थांबा जरा.

फॉल घडी करताना बघितलं,
नव्या फरशीची धूळ लागलेली.
तो धुवून, इस्त्री करून लावला.
रेवती बाईंकडून त्याचे पैसे
अजून यायचेत.