सातवा रकाना

तक्रारीच्या कागदावर सातवा रकाना आहे:
तक्रारदाराचा घोड्याशी संबंध.
लोक लिहितात मालक, शेजारी, प्रेक्षक.
यागोदानं लिहिलं होतं, मोडक्यातोडक्या डॅनिशमध्ये,
'मी त्याला आडवं पडून झोपताना पाहिलंय.'

युटलंडच्या उत्तरेला, नोव्हेंबरात,
सकाळचे आठ वाजले तरी अंधारच होता
तेव्हा मी त्या पागेत शिरले.
गवत ताजं, पाणी निवळशंख, नाल नवे.
पाहुणे येणार म्हणून झाडलेलं अंगण
मला लगेच ओळखू येतं,
झाडूच्या रेघांवर
एकही टाप उमटलेली नसते.

टोर्डन नाव त्याचं. म्हणजे ढगांचा गडगडाट.
काळाभोर, माझ्या डोक्याहून उंच पाठीचा,
आणि नाकाडावर
पट्ट्याच्या रुंदीची पांढरी रेघ,
केस जळल्यासारखे परत उगवलेले.
मी हात पुढे केला.
त्यानं मान वर घेतली, भिंतीला लागेपर्यंत.

मालक सौजन्यमूर्ती. दालचिनीचा पाव पुढे केला.
'जीभ चावली असेल हो त्यानं.
मोतद्दार मुलगी नवी आहे, हळवी आहे.
स्पर्धेत मोजमाप झालंय, बघा की नोंद.'
नोंद होती.
पट्ट्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत,
सरकली होती.

घोडं पेंड खातं ते इथंच:
मोजतात ते मैदानाबाहेर आल्यावर,
आणि फाटकापासून तपासनिसापर्यंत
पट्टा दोन भोकं सैल करायला
चार पावलं पुरतात.
सैल कोण करायचं?
तिनं सांगितलं, मी विचारण्याआधीच,
खराऱ्यात अडकलेले केस उपटत,
'मीच.'

मग खाटेखालून बिस्किटांचा डबा काढला.
आत एकवीस फडकी,
प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेनानं तारीख.
फेस वाळला होता, गुलाबीचा तपकिरी झाला होता.
'धुवायला सांगायचे,' ती म्हणाली,
'मी नवी विकत आणून दाखवायचे.'

मी डबा सहीशिक्क्यानिशी ताब्यात घेतला.
पावती दिली. हात कापला तो थंडीनं,
असं मी तिला वाटू दिलं.

कारण एक घोडी होती, एकोणीस वर्षांपूर्वी,
डावा पुढचा पाय किंचित उशिरा टेकायची.
बँड वाजत होता, माणसं ताटकळली होती,
आणि मी, गळ्यात डॉक्टरचं ओळखपत्र,
म्हणाले होते, चालेल.
चाललीही. चार अडथळे.
पाचव्याबद्दल मी अजून
कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही.

अहवाल बावीस पानांचा झाला,
त्यातली अठरा खोगीरभरती:
कलमं, तारखा, कोण कुठे उभं होतं.
समिती बसली. निकाल लागला.
चार महिने बंदी, डिसेंबर ते मार्च,
त्याच्या घोड्यांना तसाही सुट्टीचा काळ.
टोर्डन तोवर विकला गेला होता,
सरहद्दीपलीकडे, कागदपत्रं चोख.

यागोदा आता बंदरावर मासे भरते खोक्यांत.
इकडच्या कुठल्याच पागेत तिला काम नाही.
ठरवून कुणी काही केलेलं नाही,
जागा भरली आहे, एवढंच म्हणतात सगळे.
फोनवर म्हणाली, 'बोटं बधिर होतात, बाकी बरंय.'
मग थांबून,
'तिकडे त्याचं तोंड उघडून कुणी बघतं का हो?'
मला माहीत नव्हतं.
माहीत नाही, असंच म्हणाले.

आज टपालात नवं पाकीट आलंय,
दुसरं गाव, दुसरी पागा, अक्षर कोवळं.
सातवा रकाना कोरा आहे.
नुसता शाईचा एक ठिपका, पसरलेला,
पेन तिथं बराच वेळ
टेकवून धरल्यासारखा.

मी बूट घालते.