तारेखालची जास्वंद

एप्रिल सरता सरता वरून हुकूम येतो:
तारेला लागणारं सगळं तोडा.
मी वायरमन. शिडी, लांब दांड्याचा कोयता
आणि अख्ख्या पिंपळखुट्याच्या शिव्या.

संध्याकाळी घरी आलो की पंचफुला
माझ्या तोंडाकडे बघत नाही,
बघते गाडीच्या हुकाला काय लटकतंय.

यंदा डबल जास्वंद. धोटे मास्तरांच्या फाटकातली.
ती एकेक फांदी बोटांत फिरवते.
"हे कवळं. हे नाई येत."
पेन्सिलीएवढी जाड, तपकिरी पडू लागलेली एक
नखानं जरा खरवडते. आत ओलं हिरवं.
"हे जगते."

मी खिशातली पकड पुढे करतो.
"पकडीनं नोका कापू, देठ चेंबते."
माझ्या दाढीचं नवं ब्लेड जातं.
डोळ्याच्या जरा खाली, तिरपा काप.
खालची पानं सगळी काढली,
वरची दोन ठेवली, तीही कात्रीनं अर्धी केली.
"पान पाणी मांगते.
पाजाले मूळ कुठी हाये त्याले अजून?"

शेतातली काळी माती ती घेत नाही,
कापूस पोसते ती, पण कलम कुजवते.
अडाणच्या पात्रातली वाळू, पिठाच्या चाळणीनं चाळलेली,
मूठभर जुनं शेणखत,
पाच लिटरचा तेलाचा डबा, आडवा कापून.
बुडाला खिळ्यानं छिद्रं मी पाडली.
एवढंच काम माझं.

मेमध्ये कुणी कलम लावत नाही,
आषाढ लागू द्यावा लागतो.
पण आमची तोड मेमध्येच निघते.
म्हणून डबा खोलीत आला, कूलरसमोर नाही,
त्या कोपऱ्यात, जिथे गारवा
भिंतीला लागून फिरून येतो आणि थांबतो.
नऊ काड्या. वर नऊ अर्ध्या बाटल्या, पालथ्या.
आमची खाट दाराकडे सरकली.

शेहेचाळीसच्या दुपारी फीडर पडला.
फोनवर फोन. सरपंच, पिठाची गिरणी,
बर्फगोळेवाला रुपराव.
पंचफुलाचा एकच:
"लाइन कवा येते?
कलमाईले घाम फुटला."
परमिट घेतलं, खांबावर चढलो,
हातमोज्यातून लोखंड चटके देत होतं.
जंपर जळलेला. तासाभराचं काम
पंचवीस मिनिटांत.
रजिस्टरात तक्रारदार म्हणून
गिरणीवाल्याचं नाव लिहिलं.

पंधराव्या दिवशी कोंब!
मी ओरडलो. ती भाकरी सोडून आली नाही.
"पाला खोटं बोलते.
काडीत होतं नव्हतं तेवढ्यावर फुटते तो."
चार दिवसांनी पाच काळ्या पडल्या,
कोंबासकट.

ती न्हाणीत असताना
मी एक हळूच उपसून पाहिली.
टोकाला पांढरी गाठ, तांदळाच्या कणीएवढी.
मूळ नाही.
होती तशी खुपसली, वाळू थोपटली.
तिला कळलं कसं, विचारू नका.
रात्री वरणात मीठ नव्हतं,
आणि नाही म्हणून सांगायची माझी टाप नव्हती.

आषाढात दोन उरल्या.
डबा पालथा केला तर खाली
पांढरी मुळं, वाळूचे कण घट्ट धरून.
पंचफुलानं बोट नाही लावलं,
नुसती वाकून बघत राहिली.
मग म्हणाली, "एक आपली. एक त्याईची देऊन या."

मास्तर गेल्या तोडीपासून माझ्याशी बोलत नव्हते.
फाटकातच पिशवी घेतली, आत डोकावले,
चष्मा कपाळावर चढवला.
मी म्हटलं, "मास्तर, यंदा तारेपासून जरा दूर लावा."
त्यांनी मान हलवली.
आतून सब्बल आणली
आणि जुन्या खुंटाशेजारी, नेमक्या त्याच जागी,
खड्डा खणायला घेतला.

मी वर पाहिलं.
त्यांच्या घराची सर्व्हिस वायर
मध्यात चांगलीच झोकलेली.
उद्या येऊन
हातभर वर ओढून घेतो.