डागडुजी

निवृत्ती गायधनी दर एप्रिलात यायचा.
देवळाली स्टेशनवरून पायीच, खांद्यावर पोतं,
पोत्यात पायांचे दोन पॅड, छातीचं एक,
पाटाएवढा हातमोजा,
आणि वास, ओल्या घोड्याचा.
घोड्याचा वास मला कळतो.
वडील लॅम रोडला तोफखान्याची खोगिरं शिवायचे,
त्यांची आरी माझ्याकडे आहे,
मूठ त्यांच्या अंगठ्याने झिजलेली.

बर्फावरची हॉकी मी पाहिलेली नाही.
बर्फ म्हणजे लग्नात भुशात गुंडाळून येणारी लादी.
पहिल्याच वर्षी त्याने फळीवरची पॉलिशची डबी उचलली,
"एवढी. पण भरीव रबराची.
आणि खेळाआधी गोठवतात, उसळू नये म्हणून."
"आणि तू?"
"मी आडवा येतो."

पळशाचा पोरगा, उसाच्या फडात अनवाणी वाढलेला.
लेहला तळं गोठलं तेव्हा अख्ख्या तुकडीत
यालाच स्केटवर उभं राहता येईना,
म्हणून साहेबांनी दारात उभा केला, दोन दगडांच्या मध्ये.
तिथून सुरू.
मग पलटणीचा गोलकीपर, मग खेळावरच पगार,
मग देशाचा निळा अंगरखा.
परदेशात एकदा एका सामन्यात एकोणीस गोल खाल्ले.
हे सांगून झाल्यावर त्याने चहाचा कप पालथा ठेवला.

बाकीचं मला चामडं सांगायचं.
सुरुवातीला सगळे ठोके डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला:
उशिरा बसत होता.
मग ठोके वर सरकले, पोटरीवरून मांडीला,
समोरच्यांना कळलं होतं, खालून वाट नाही.
एका साली खांद्याची शिवण आतून उसवलेली.
विचारलं नाही. ताग भरला, दुहेरी टाका, मेण जरा जास्त.
एका साली मोज्याच्या तळव्याला आरपार भोक,
आणि हा हसत होता.

मग ते साल. पोतं उघडलं तर पॅड कोरे.
माझाच मागचा टाका, मेणसुद्धा उडालेलं नाही.
"यंदा काहीच लागलं नाही?"
"बाकावर होतो. कारगिलचा एक पोरगा उभा करतात आता.
मांजर आहे मांजर."
मी पैसे नको म्हणालो.
त्याने दिलेच, पूर्ण डागडुजीचे, मोजून.
त्यात अपमान कोणाचा झाला
ते मला अजून नीट कळलेलं नाही.

नावातच निवृत्ती, तरी कागद यायला आणखी चार हिवाळे गेले.
आता पिंपळगावला द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजवर रात्रपाळी.
शून्य अंशाच्या खोलीचं दार उघडायचं,
पेट्या मोजायच्या, दार लावायचं.
हमाल पोरं स्वेटरात कुडकुडतात, हा बनियनवर.
खुबा गेलाय. माझ्या दुकानाच्या तीन पायऱ्या
तिरका होऊन चढतो.

"अडवलेले किती असतील रे?"
"ते कोण मोजतं."
"आणि गेलेले?"
तो सांगायला लागला,
तारखेनिशी, कोणत्या कोपऱ्यातून, कोणाच्या काठीला लागून,
आपलं वजन तेव्हा कोणत्या पायावर होतं.
माझे तीन जोड सँडल शिवून झाले,
तो अजून दुसऱ्याच हिवाळ्यात होता.

गेल्या मंगळवारी असाच स्टुलावर बसलेला,
पाठ माझ्याकडे, रस्ता बघत.
माझं कोपर लागलं, फळीवरून डबी सुटली.
त्याने पाहिलीही नव्हती.
डावा पाय आधी गेला, जमिनीसरशी आडवा,
खुबा कडकन वाजला,
आणि टाच नि स्टूल यांच्यातल्या दोन बोटांमधून
डबी निसटली, पायऱ्या उतरली, गटारात.

तो तसाच खाली, एक पाय पसरून.
"गेला," म्हणाला.

डबी गेली, म्हणायला हवं.
मी काही म्हटलं नाही.